स्मारक नाणे वाचू या : ‘डफरिन’ प्रशिक्षण जहाजाच्या शताब्दीनिमित्त एक पाठ



नाणे हे मुलांच्या हातात रोज येणारे शैक्षणिक साहित्य आहे. त्याला खर्च नाही, प्रिंट काढावी लागत नाही आणि ते फाटतही नाही. तरी वर्गात आपण नाण्याचा उपयोग फक्त ‘सुट्टे पैसे मोजणे’ एवढ्यापुरताच करतो. आजचा पाठ त्याच्या थोडा पुढे जाणारा आहे. इयत्ता पाचवी-सहावीसाठी इतिहास, गणित आणि मराठी हे तिन्ही विषय यात एकत्र येतात. साधारण चार तासिका लागतात.

पाठाचा विषय आहे स्मारक नाणे. आणि उदाहरण घेतले आहे ते मुंबईच्या बंदरात सुरू झालेल्या एका जहाजावरच्या शाळेचे. ‘डफरिन’ हे तिचे नाव. १९२७ साली ही शाळा सुरू झाली, म्हणजे २०२७ साली तिला शंभर वर्षे होतात. अशा शाळेच्या शताब्दीचे नाणे काढायचे ठरले, तर त्यावर काय असावे? हा प्रश्न मुलांपुढे ठेवायचा आहे. पण त्याआधी नाणे वाचता यायला हवे.

साहित्य : घरातली १, २, ५, १० आणि २० रुपयांची नाणी, पांढरा कागद, मऊ पेन्सिल, दोरा, पट्टी, कंपास, एखादे भिंग असल्यास उत्तम.

स्मारक नाणे म्हणजे काय?

एखादी घटना, व्यक्ती किंवा संस्था यांची आठवण राहावी म्हणून जे नाणे पाडतात ते स्मारक नाणे. स्वतंत्र भारतात ही प्रथा १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या नाण्यापासून सुरू झाली. त्या वेळी एक रुपया आणि पन्नास पैसे अशी दोन नाणी निघाली. त्यानंतर अशी बरीच नाणी आली. १९९९ मध्ये संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे आले. २००३ मध्ये भारतीय रेल्वेच्या दीडशे वर्षांचे दोन रुपयांचे, २००५ मध्ये दांडीयात्रेच्या पंच्याहत्तर वर्षांचे पाच रुपयांचे, तर २००७ मध्ये लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे नाणे आले.

ही सगळी नाणी बाजारात फिरली आहेत. आजही आजीच्या बटव्यात, देवघरातल्या डबीत किंवा दुकानाच्या गल्ल्यात एखादे सापडते. म्हणून पाठाच्या आदल्या दिवशी मुलांना एकच काम द्यावे : घरातली सगळी नाणी पालथी घालून बघा आणि ज्यावर नेहमीपेक्षा वेगळे चित्र आहे ते वेगळे काढा. पालकहो, या कामात मुलांना मदत करा, पण शोधू मात्र त्यांनाच द्या.

स्मारक नाण्यांचे दोन प्रकार आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगावे. पहिला प्रकार चलनात येणारा, वर सांगितला तसा. दुसरा प्रकार फक्त संग्रहासाठीचा. ७५, १०० किंवा १००० रुपयांची नाणी तुम्ही बातम्यांत पाहिली असतील; ती दुसऱ्या प्रकारातली. ती टांकसाळीकडून विकत घ्यावी लागतात आणि त्यांची विक्री-किंमत नाण्यावर छापलेल्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असते.

नाणे पाडते कोण?

मुले हमखास म्हणतात, “रिझर्व्ह बँक!” नोटांच्या बाबतीत ते बरोबर आहे, पण नाण्यांचे तसे नाही. नाणे पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. त्यासाठी २०११ चा नाणे कायदा आहे. नाणी लोकांपर्यंत पोचवण्याचे काम रिझर्व्ह बँक करते. या कायद्यानुसार एक हजार रुपयांपेक्षा मोठ्या किमतीचे नाणे काढता येत नाही, आणि ‘नाणे’ या शब्दाच्या व्याख्येत स्मारक नाणेही येते.

आपल्या देशात सरकारी टांकसाळी चार : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची टांकसाळ फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेच्या समोरच आहे. नाणे कुठल्या टांकसाळीचे हे ओळखायची खूण नाण्यावरच असते. वर्षाच्या आकड्याखाली बघा. छोटा चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखा आकार असेल तर मुंबई. तारा असेल तर हैदराबाद. गोल ठिपका असेल तर नोएडा. आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. ही माहिती मिळाली की वर्ग पुढची दहा मिनिटे पूर्ण शांत असतो. सगळ्यांची डोकी नाण्यांवर वाकलेली असतात.

कृती १ : नाणे वाचणे

नाण्यावर कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. छापा आणि काटा, दोन्ही बाजूंचे ठसे वहीत घ्यायचे. मग प्रत्येक ठशाखाली पाच प्रश्नांची उत्तरे लिहायची :

१. नाण्यावर कोणकोणत्या लिप्यांत मजकूर आहे?
२. वर्ष कोणते? टांकसाळीची खूण कोणती?
३. चित्र कोणाचे किंवा कशाचे?
४. चित्राशिवाय नुसत्या मजकुरावरून विषय कळतो का?
५. या नाण्यात काय सांगितले आहे आणि काय सांगायचे राहून गेले आहे?

पाचवा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे. नाण्यावर जागा फार कमी असते, त्यामुळे काहीतरी वगळावेच लागते. काय ठेवायचे हे कोणीतरी ठरवलेले असते. शिवरायांच्या शिवराईचे उदाहरण इथे चांगले लागू पडते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. मोजकीच अक्षरे, तीही देवनागरीत. पण राज्य कोणाचे, हे ती शिवराई हातात घेणाऱ्या प्रत्येकाला कळत होते.

कृती २ : नाण्याचे गणित

२८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या वेळी ७५ रुपयांचे स्मारक नाणे निघाले. त्याचा व्यास ४४ मिलिमीटर आणि वजन ३५ ग्रॅम. धातूंचे प्रमाण असे : चांदी ५० टक्के, तांबे ४० टक्के, निकेल ५ टक्के, जस्त ५ टक्के. कडेवर २०० खाचा आहेत. या एका नाण्यावर किती गणिते होतात बघा.

चांदी किती? ३५ ची निम्मी, १७.५ ग्रॅम. तांबे १४ ग्रॅम. निकेल १.७५ आणि जस्तही १.७५ ग्रॅम. चारही आकडे मिळवून ३५ येतात का, हे मुलांनीच तपासायचे.

नंतर परीघ. ४४ गुणिले २२ भागिले ७, म्हणजे साधारण १३८ मिलिमीटर. तेवढ्या अंतरात २०० खाचा, म्हणजे एका खाचेला सुमारे ०.७ मिलिमीटर. पाचवीच्या मुलांना सूत्र नको. पुठ्ठ्याची ४४ मिलिमीटरची चकती कापून तिच्याभोवती दोरा गुंडाळा आणि पट्टीवर मोजा.

तुलनाही करता येते. आपले १० रुपयांचे दोन धातूंचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे आणि ७.७१ ग्रॅमचे आहे. म्हणजे ते ७५ चे नाणे दहाच्या साधारण साडेचार नाण्यांइतके जड. २० रुपयांचे नाणेही २७ मिलिमीटरचेच, पण त्याला बारा कडा आहेत. का बरं? डोळे मिटून दोन्ही नाणी हातात घ्यायला सांगा. दृष्टिहीन व्यक्तींना नाणी सहज ओळखता यावीत हा विचार त्या मालिकेत केलेला आहे. हे उत्तर मुलांना बोटांनी आधी सापडते.

प्रशिक्षण संस्थांची नाणी

शाळेची किंवा प्रशिक्षण संस्थेची आठवण म्हणून नाणे काढतात का? काढतात. आपल्या अनेक शाळांत एनसीसी आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या या राष्ट्रीय छात्रसेनेच्या पंच्याहत्तराव्या वर्षानिमित्त २८ जानेवारी २०२३ रोजी दिल्लीत ७५ रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. एनसीसीमध्ये भूदल, हवाई दल यांच्याबरोबर नौदलाचाही विभाग आहे.

अमेरिकेत वेस्ट पॉइंट इथली सैनिकी अकादमी १८०२ साली स्थापन झाली. तिला दोनशे वर्षे झाली तेव्हा, म्हणजे २००२ मध्ये, चांदीचा एक डॉलर निघाला. तो त्याच गावच्या टांकसाळीत पाडला गेला. प्रत्येक नाण्याच्या विक्रीमागे १० डॉलर जादा घेऊन ते अकादमीच्या माजी विद्यार्थी संघटनेला द्यायचे, असे कायद्यातच ठरलेले होते. म्हणजे आठवणही झाली आणि संस्थेला मदतही झाली.

आता आपल्या जहाजाकडे येऊ.

‘डफरिन’ची गोष्ट

आधी एक फरक सांगून टाकावा, कारण मुले दोन्ही एकच समजतात. नौदल म्हणजे देशाचे संरक्षण करणारे समुद्रावरचे सैन्य. व्यापारी जहाजे म्हणजे माल आणि माणसे नेणारी. ‘डफरिन’ सुरू झाली ती व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवण्यासाठी.

त्याची गरज का पडली? कोकणातली हजारो माणसे इंग्रजांच्या जहाजांवर कामाला होती. खलाशी, तांडेल, सारंग. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांची चूल त्या पगारावर पेटत होती. गोव्याची माणसेही जहाजांवर मोठ्या संख्येने होती. भट्टीत कोळसा घालायचा, दोर ओढायचे, डेक धुवायचा, स्वयंपाक करायचा. हुशार आणि अनुभवी माणूस फार तर सारंग व्हायचा. त्याच्या वरची पायरी, म्हणजे अधिकारी आणि पुढे कप्तान होण्याची, त्याच्यासाठी जवळजवळ बंदच होती. समुद्र त्याला कमी कळत होता असे नाही. अधिकारी व्हायला जे रीतसर शिक्षण लागते, ते देणारी शाळाच इथे नव्हती.

५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. ही कंपनी उभारणाऱ्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. त्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. जहाज भारतीय मालकीचे झाले, पण ते चालवणारे भारतीय अधिकारी आणायचे कुठून? १९२३ मध्ये नेमलेल्या एका समितीने भारतीय मुलांसाठी प्रशिक्षण जहाज सुरू करावे अशी शिफारस केली. मग ‘डफरिन’ नावाचे जुने जहाज माझगावजवळ बंदरात नांगरून ठेवले आणि १९२७ मध्ये त्यावर शाळा भरली. मुले तिथेच राहायची, तिथेच शिकायची.

शाळेच्या पहिल्या तुकडीत राम दास कटारी नावाचा मुलगा होता. तो पुढे नौदलात गेला. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे आपल्या नौदलाचे प्रमुख इंग्रज अधिकारीच होते. १९५८ मध्ये या पदावर पहिल्यांदा भारतीय माणूस बसला, तो म्हणजे ॲडमिरल कटारी. शाळा सुरू झाल्यापासून एकतीस वर्षांनी! शाळेचे फळ किती उशिरा दिसते, हे आपल्याला, शिक्षकांना, वेगळे सांगायला नको.

जहाज जुने झाले. १९७२ मध्ये त्याच्या जागी ‘राजेंद्र’ हे जहाज आले. १९९३ मध्ये शाळा पाण्यावरून जमिनीवर, नवी मुंबईत आली आणि तिचे नाव ‘चाणक्य’ झाले. आज ती भारतीय सागरी विद्यापीठाचा भाग आहे.

जागा बदलण्याची अशीच कथा नौदलाच्या अकादमीचीही आहे. १९६९ मध्ये कोचीला सुरुवात, १९८६ मध्ये गोव्यात आयएनएस मांडवी इथे, आणि २००९ पासून केरळमधल्या कण्णूर जिल्ह्यात एळिमला इथे. नकाशावर ही तीन ठिकाणे जोडायला सांगा; पश्चिम किनाऱ्याचा भूगोलही त्यात होतो.

कृती ३ : शताब्दीचे नाणे

कंपासमध्ये २.२ सेंटिमीटर अंतर घेऊन वर्तुळ काढायचे. ४४ मिलिमीटरचे नाणे तयार. चार-चार मुलांचा गट. नियम तीनच : एक चित्र, दोन लिप्यांत मिळून जास्तीत जास्त आठ शब्द, आणि वर्षे.

इथे खरी चर्चा सुरू होते. माझ्या वर्गातले तीन वाद सांगते.

पहिला, नावाचा. डफरिन हे १८८४ ते १८८८ या काळातल्या इंग्रज व्हाइसरॉयचे नाव. ते नाण्यावर घालायचे का? एक गट म्हणाला, नको, ‘चाणक्य’ लिहा. दुसरा म्हणाला, मग शंभर वर्षे कशी होणार? ‘चाणक्य’ तर १९९३ चे! एका मुलाने तोडगा काढला : नाव कोणतेच नको, फक्त ‘सागरी शिक्षणाची शंभर वर्षे’. बरोबर उत्तर मी दिले नाही. प्रत्येक गटाने कारण दिले पाहिजे एवढेच म्हटले.

दुसरा, चित्राचा. बहुतेकांनी जहाज काढले. एका गटाने मात्र दोर ओढणारा खलाशी काढला. त्यांचे म्हणणे, “बाई, त्याला अधिकारी होता येत नव्हतं म्हणून तर शाळा निघाली ना?” हा गट पाचवा प्रश्न बरोबर समजला होता. नाण्यावर सहसा प्रमुखाचे चित्र येते. ज्याच्यामुळे शाळेची गरज कळली, तो राहून जातो.

तिसरा, मुलींनी काढलेला. “जहाजावर सगळी मुलंच का?” कारण त्या शाळेत तेव्हा मुलगेच घेत, हे खरे आहे आणि ते तसेच सांगावे. पण पुढचेही सांगावे. २०१७ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या होडीतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१८ मध्ये गोव्यालाच परत आल्या. ती होडीही गोव्यातच बांधलेली. पुण्याजवळच्या एनडीएमध्ये २०२२ पासून मुलींना प्रवेश मिळू लागला आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ मुली तिथून बाहेर पडल्या. हे ऐकल्यावर त्या गटाने नाण्यावर सुकाणू काढले आणि त्यावर दोन हात. हात मुलाचे की मुलीचे, हे कळत नाही. तसेच ठेवायचे होते, असे त्यांनी लिहिले.

शेवटी प्रत्येक गटाने पाच-सहा वाक्यांत लिहायचे : आम्ही काय ठेवले, काय वगळले आणि का. मराठीचा निबंध इथेच होतो, आणि तो पाठ केलेला नसतो.

पालकांसाठी दोन गोष्टी

पहिली. काही दुकानदार दहाची नाणी घेत नाहीत, कारण चित्रे वेगवेगळी असल्यामुळे ‘हे खोटं आहे’ अशी अफवा पसरते. वेगळे चित्र म्हणजे खोटे नाणे नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की तोपर्यंत आलेली दहा रुपयांची १४ प्रकारची नाणी सगळी वैध आहेत. वेगवेगळ्या विषयांची स्मारक नाणी निघतात, म्हणूनच ती वेगळी दिसतात. हे मुलांना कळले तर ती दुकानात नम्रपणे सांगू शकतात.

दुसरी जास्त गंभीर आहे. ‘तुमच्याकडे अमुक जुने नाणे आहे का? लाखो रुपये मिळवा’ अशा जाहिराती मोबाइलवर येतात. फोन केला की आधी ‘नोंदणी शुल्क’, मग ‘कर’, मग ‘कमिशन’ मागतात. पैसे गेले की समोरचा गायब. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने याबद्दल इशारा दिला आहे : बँकेचे नाव आणि चिन्ह वापरून हे प्रकार चालतात, बँक अशा खरेदी-विक्रीत नाही आणि त्यासाठी कोणाकडूनही शुल्क घेत नाही. मुलांनी घरातली जुनी नाणी शोधून काढली की ही जाहिरात घरात कोणाला तरी आठवतेच. म्हणून हा पाठ घेताना ही सूचना वहीत लिहूनच द्यावी आणि पालकांची सही घ्यावी. नाणे जपून ठेवण्यात आनंद आहे. पण ते विकायला आधी आपणच पैसे भरायचे, असा खरा व्यवहार नसतो.

मूल्यमापन

लेखी परीक्षा नको. प्रत्येक मुलाला एक अनोळखी नाणे द्यावे आणि दोन मिनिटांत त्याबद्दल तोंडी चार गोष्टी सांगायला सांगाव्यात : वर्ष, टांकसाळ, विषय, आणि त्यात काय सांगायचे राहिले. पहिल्या तीन गोष्टी बहुतेक सगळ्यांना जमतात. चौथी जमली तर पाठ पोचला असे समजावे.

गृहपाठ म्हणून आपल्या स्वतःच्या शाळेच्या स्थापनेचे वर्ष शोधून तिच्या नाण्याचे चित्र काढायला द्या. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा शंभरी ओलांडलेल्या आहेत. शाळेसाठी जागा कोणी दिली, पहिले गुरुजी कोण, पहिली मुलगी शाळेत कधी आली, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागेल. ती माहिती जनरल रजिस्टरमध्येही सापडेल. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मुलांना ते बघू द्या.

पाठ घेतलात तर मुलांनी कोणते चित्र निवडले आणि काय कारण दिले, ते जरूर लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला ती कारणे वाचून दाखवता येतील.